बियाण्याचा फेरफार आणि त्याची नोंद

ता. ४ मे २०२५ रोजीं दिल्ली येथें केंद्रीय कृषिमंत्री श्री. शिवराजसिंह चौहान यांनीं धानाच्या दोन नव्या वाणांची घोषणा केली. पहिलें 'डीआरआर धान १००' ऊर्फ 'कमला'. तें हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेनें 'सांबा मसुरी' या प्रसिद्ध वाणापासून काढलें. दुसरें 'पुसा डीएसटी राइस १'. तें दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें 'एमटीयू १०१०' पासून काढलें. हीं दोन्ही वाणें जनुक-संपादनाच्या रीतीनें तयार झालेलीं असून ज्या राज्यांकरितां तीं सुचविलीं आहेत त्यांत महाराष्ट्राचेंही नांव आहे. आतां १०१० म्हणजे काय हें चिमूर, नागभीड, सिंदेवाहीकडील धानकऱ्यास सांगावयास नको. ठोकळ धानांत तो आंकडा आपल्या तोंडीं बसलेला आहे. तेव्हां ही दिल्लीची वार्ता आपल्या धुऱ्यापर्यंत येऊन पोहोंचलेलीच आहे असें समजावें.

सबब या बियाण्यावर सरकारची देखरेख किती आहे, ती कशी आहे, व कोठें सैल सुटली आहे, याचा विचार परहे टाकण्यापूर्वींच केलेला बरा. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. परंतु नोंदवही कशी ठेवावी व ती न ठेवल्यास काय होतें एवढें एक त्यास ठाऊक आहे. आणि हा प्रश्न, माझ्या मतें, मुळांत नोंदवहीचाच आहे.

प्रथम हें संपादन म्हणजे काय तें पाहूं. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या गुणांचें एक दप्तर असतें. धानाची उंची, लोंबीवरील दाण्यांची संख्या, पाण्याचा ताण सोसण्याची शक्ति, हें सर्व त्या दप्तरांत लिहिलेलें असतें, व त्यांतील एकेका कलमास जनुक म्हणतात. बीटी कपाशींत जें केलें तें असें कीं, जमिनींतील एका जिवाणूच्या दप्तरांतलें कलम उचलून कपाशीच्या दप्तरांत चिकटविलें. संपादनांत बाहेरचें कलम आणणें अवश्य नसतें. 'क्रिस्पर' नांवाची एक सूक्ष्म कात्री नेमक्या ओळीवर नेऊन तेथें छेद द्यावयाचा. पेशी तो छेद आपणच सांधते, व सांधतांना एकदोन अक्षरें गळतात किंवा वाढतात. तेवढ्यानें तें कलम निकामी होतें. ही कात्री हवी तेथें चालवितां येते हें २०१२ सालीं एमान्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना या दोन विदुषींनीं दाखविलें, व त्याबद्दल २०२० सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

'कमला' वाणांत हेंच केलें आहे. लोंबीवर दाणे धरविणारें जें वाढद्रव्य, त्याचा नाश करणारें जनुक बंद केलें. द्रव्य टिकलें, दाणे वाढले. मूळ सांबा मसुरीपेक्षां उत्पन्न १९ टक्के अधिक व पीक सुमारें २० दिवस आधीं हातीं, असा दावा आहे. पुसा वाणांत पानांवरील सूक्ष्म रंध्रांशीं संबंध असलेलें एक जनुक बंद केलें असून खारवट व चोपण जमिनींत तें मूळ १०१० पेक्षां सरस उतरतें असें सांगतात. आपल्या बांध्यांत खार थोडा. आपली व्यथा निराळी. रोवणी झाली कीं पाऊस दडी मारतो, व मामा तलावाचें पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां आश्विन उजाडतो. अशा ठिकाणीं २० दिवस आधीं पीक निघालें तर शेवटचें एक पाणी वांचतें, आणि त्या एका पाण्यावरून भावाभावांत डोकीं फुटलेलीं मीं पाहिलीं आहेत. यास्तव या विद्येस मी नाक मुरडीत नाहीं. दाव्यांविषयीं मात्र वाद आहे. जनुक-परिवर्तित पिकांस विरोध करणाऱ्या मंडळींनीं त्याच वर्षीं असा आक्षेप घेतला कीं, चाचण्यांचे आंकडे हे दावे सिद्ध करीत नाहींत. संशोधन परिषदेनें तो आक्षेप अमान्य केला. कोण खरें हें ठरविणें माझ्या आवांक्याबाहेरचें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ सालचा. त्याखालीं ५ डिसेंबर १९८९ रोजीं जनुकीय रीतीनें बदललेल्या जीवांसंबंधीं नियम झाले. बीटी कपाशीस २६ मार्च २००२ रोजीं जी परवानगी मिळाली ती याच नियमांखालीं, आणि बीटी वांग्यास ९ फेब्रुवारी २०१० रोजीं जी स्थगिती मिळाली तिच्या मागेंही हेच नियम होते. त्या स्थगितीपूर्वीं जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्यें तत्कालीन पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनीं देशांत सात ठिकाणीं जाहीर सभा घेऊन लोकांचें म्हणणें ऐकलें. त्यांतली एक नागपुरास झाली. शेतकऱ्यास बियाण्याविषयीं सरकारपुढें उभें राहून बोलावयास मिळालें असा तो एक विरळा प्रसंग होय.

यानंतर ता. ३० मार्च २०२२ रोजीं पर्यावरण मंत्रालयानें एक ज्ञापन काढलें. त्यांत संपादनाचे तीन प्रकार धरले आहेत. पहिल्यांत केवळ छेद. दुसऱ्यांत छेदाजवळ एक लहानसा कित्ता ठेवावयाचा, म्हणजे पेशी त्याबरहुकूम दोनचार अक्षरें बदलते. तिसऱ्यांत सबंध परकें जनुक आंत घालावयाचें. पैकीं पहिल्या दोन प्रकारच्या रोपांत परकें कांहीं शिल्लक राहिलें नसेल तर तीं १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या नियमांपासून मुक्त केलीं. तिसरा प्रकार पूर्वीप्रमाणेंच कडक देखरेखीखालीं राहिला. ता. १७ मे २०२२ रोजीं जैवतंत्रज्ञान विभागानें मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांप्रमाणें रोपांत कात्रीचा अंश उरला नाहीं, हें संशोधन करणाऱ्या संस्थेचीच जैवसुरक्षा समिति तपासते व वरिष्ठ पुनरावलोकन समितीस कळविते. संस्थेच्या समितीवर सरकारचा एक प्रतिनिधि असतो हें खरें. एवढें झालें कीं तें वाण इतर कोणत्याही वाणासारखें होतें. घोषित झालेलीं दोन्ही धानें पहिल्या प्रकारचीं आहेत.

ही सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाहीं. ते म्हणतात, असे बदल निसर्गांत रोज होतात, व माणसानेंही ते पूर्वीं किरणांच्या माऱ्यानें घडवून आणलेच आहेत. आपल्या विदर्भांत टीएयू-१ हा उडीद वर्षानुवर्षें पेरला गेला. तो तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांनीं बदललेल्या उडदाच्या संकरांतून अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें काढलेला. त्या माऱ्यांत दप्तराचीं किती पानें कोठें फाटलीं हें कोणीं मोजलें नव्हतें, तरी त्या उडदाचे पापड आपण आनंदानें खाल्ले. मग एकाच ओळीवर नेम धरून केलेल्या बदलास इतका मोठा दरबार कशास? शिवाय ज्या परवानगीस दहा वर्षें व कोट्यवधि रुपये लागतात ती मोठ्या कंपनीसच परवडते. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रासारख्या लहान सरकारी केंद्रास नाहीं. सबब परवानगीचा बोजा हलका केला तें एका अर्थीं शेतकऱ्याच्या हिताचेंच झालें.

परंतु परवानगी ही एक गोष्ट आणि नोंद ही दुसरी. सूट देतांना पहिलीबरोबर दुसरीही सुटली, येथें माझी हरकत आहे.

जमिनीचा फेरफार कसा होतो हें वाचकांस ठाऊकच आहे. खरेदी असो, वारसा असो, वांटणी असो. तलाठी गांव नमुना ६ मध्यें नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो, ज्यांचा संबंध आहे त्यांस नोटीस देतो, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहींत चढवितो, व मंडळ अधिकारी चौकशी करून नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० मध्यें हें सर्व आहे. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, फेरफार म्हणजे परवानगी नव्हे. बापानें लेकास शेत दिलें तर त्यास तलाठ्याची अनुज्ञा लागत नाहीं. तरीही नोंद लागतेच. कारण उद्यां तंटा उभा राहिला तर तो कोठून आला हें मागें मागें जाऊन पाहतां आलें पाहिजे. इंग्रजींत या फेरफारास म्यूटेशन म्हणतात आणि बियाण्यांतील बदलासही म्यूटेशनच म्हणतात. हा योगायोग मला निवृत्तीनंतर कळला.

नोंद नसल्यास काय होतें याचें उदाहरण शोधावयास चिमुराहून लांब जाण्याचें कारण नाहीं. शेजारच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानाच्या बांधींत त्यांस कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या काढल्या, पेरल्या, पुनः निवडल्या. असें अनेक हंगाम केलें. त्यांतून जें बारीक व चवीस उत्तम धान निघालें त्यास त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचें 'एचएमटी' हें नांव पडलें. निसर्गानें एक फेरफार केला व दादाजींच्या डोळ्यानें तो ओळखला. प्रयोगशाळा म्हणाल तर एक बांधी. पुढें १९९८ सालीं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें वाण प्रसारित केलें. आपल्या श्रमाचें श्रेय आपणांस मिळालें नाहीं ही दादाजींची तक्रार होती. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननें २००५ सालीं त्यांचा गौरव केला, २०१० सालीं 'फोर्ब्स' या नियतकालिकानें त्यांचें नांव छापलें, आणि ३ जून २०१८ रोजीं ते वारले. एचएमटी तांदूळ अनेक राज्यांत विकला गेला. तो काढणाऱ्याच्या घरीं मात्र त्यामुळें संपत्ति आली नाहीं. ज्या सालीं त्यांनीं ती लोंबी उचलली त्या सालीं कोणा वहींत एक ओळ चढली असती तर पुढचा वाद उद्भवलाच नसता.

आतां याच एचएमटीवर कोणी कात्री चालवून एखादें नवें वाण काढलें तर? पिकांचीं वाणें व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा २००१ सालीं झाला. त्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त नाममुद्रा लावून विकतां येत नाहीं. त्याच कायद्याच्या ४३ व्या कलमांत, शेतकऱ्यांच्या वाणापासून मूळ गुण तेच ठेवून दुसरें वाण काढावयाचें झाल्यास, तें वाण राखणाऱ्या वा वाढविणाऱ्या शेतकऱ्यांच्या संमतीची गोष्ट सांगितली आहे. कलम चांगलें आहे. परंतु संमति कोणाची घ्यावयाची हें कळावयास आधीं मूळ वाण कोणाचें व त्यांत बदल कोठें केला हें प्रगट झालें पाहिजे. संपादित रोपांत परकें कांहीं राहत नाहीं, म्हणून तो बदल आधीं माहीत नसेल तर नुसतें रोप तपासून तो मनुष्याचा कीं निसर्गाचा हें सांगणें बहुधा अशक्य होतें. करणारा सांगेल तरच कळेल. जमिनीची मोजणी पुनः करतां येते. येथें हद्दीचे दगडच नाहींत. आणि कात्रीचीं पेटंटें आहेत तीं परदेशी संस्थांकडे आहेत, हेंही विसरूं नये. सरकारी संस्थेनें वाण काढलें तरी कात्रीच्या धन्यास काय द्यावें लागेल, व तें बियाण्याच्या पिशवीच्या किंमतींत उतरेल काय, हें शेतकऱ्यानें विचारलेंच पाहिजे. टीएयू-१ च्या वेळीं हा प्रश्न नव्हता.

कपाशीचा अनुभव याहून कडू आहे. २००२ ची परवानगी मिळण्यापूर्वींच, २००१ सालीं, गुजरातेंत विनापरवाना बीटी कपाशी शेतांत उभी असलेली आढळली. परवानगी देतांना अट घातली कीं भोंवतीं बिगर-बीटी कपाशीचा पट्टा लावावा, म्हणजे बोंडअळींत विष सोसणारी जात लवकर माजणार नाहीं. ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी येत असे. ती पुडी किती जणांनीं पेरली हें प्रत्येकानें आपल्या मनासच विचारावें. मीं ती धुऱ्यावर पडलेली पाहिली आहे. २०१७ च्या खरिपांत गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील कापूस पोखरला तेव्हां त्या पुड्यांचा हिशेब करावयास कोणी उरलें नव्हतें.

मग तणनाशक सोसणारी कपाशी आली. तिला आपल्याकडे 'चोर बीटी' म्हणतात. निंदणास मजूर मिळत नाहींत, मिळाले तर मजुरी परवडत नाहीं, म्हणून शेतकरी ती घेतो. त्यास मी चोर म्हणणार नाहीं. ता. १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेनें हें बियाणें उघड पेरून सविनय कायदेभंग केला. तो उघडपणा मला आवडला, कारण त्यांत निदान लपवाछपवी नव्हती. आपल्या सीमेवरून मात्र हें बियाणें रात्रीं येतें, साध्या पिशवींत येतें, आणि पावतीशिवाय येतें. नोकरींत असतांना एका खरिपांत एक शेतकरी कचेरींत माझ्या टेबलापुढें येऊन उभा राहिला. चार एकर दुबार पेरणी. पहिल्यांदा चारांतलें एक बीं उगवलें होतें. मीं पावती मागितली. नाहीं. पिशवीवरचें लेबल? पिशवीवर छापलेलें कांहींच नव्हतें. विकणाऱ्याचें नांव सांगावयास तो तयार नव्हता, कारण त्याच मनुष्याकडून त्यानें उधारी घेतली होती. पंचनामा कशाचा करावा? बियाणें कोणतें हेंच कागदावर लिहितां येईना. मीं त्याचा अर्ज 'कागदपत्रें अपुरीं' असा शेरा मारून वर पाठविला. तो शेरा नियमानें बरोबर होता. त्या मनुष्याचा चेहरा मात्र मला अजून आठवतो.

खाण्याविषयींही थोडें लिहिलें पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ च्या कलम २२ मध्यें जनुकीय रीतीनें बदललेल्या अन्नाचा उल्लेख आहे. संपादित धानांत परकें जनुक नसल्यामुळें त्याचा भात या कलमाखालीं वेगळा ओळखला जाईल असें दिसत नाहीं. त्यानें प्रकृतीस अपाय होईल असें मी म्हणत नाहीं, तसें म्हणावयास आधार नाहीं. बीटी सरकीचें तेल आपल्या कढईंत व तिची ढेप आपल्या म्हशीच्या घमेल्यांत वर्षानुवर्षें जात आहे. परंतु एचएमटी म्हणून जुनाच तांदूळ विकत घेणाऱ्यास तो जुनाच आहे हें सांगतां आलें पाहिजे. परदेशीं माल पाठविणारा व्यापारी तर हें विचारणारच. युरोपच्या न्यायालयानें २५ जुलै २०१८ रोजीं संपादित पिकें जनुक-परिवर्तित पिकांच्याच नियमांत बसतात असा निकाल दिला होता, व त्यानंतर २०२३ सालीं तेथील आयोगानें ते नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचे नियम बदलोत वा न बदलोत, आपल्या पोत्यांत काय आहे हें आपणांस ठाऊक असणें आपल्या सोयीचें आहे.

परवानगीशिवाय नोंद ही कल्पना मी मनानें रचलेली नाहीं. जपानांत २०२१ सालीं संपादित टोमॅटो बाजारांत आला. त्यास मोठ्या तपासणीची सक्ति नव्हती. करणाऱ्यानें सरकारास माहिती दिली व सरकारनें ती लोकांकरितां प्रसिद्ध केली. विकणाऱ्यांनीं तो संपादित असल्याचें सांगूनच विकला, आणि तो विकलाही गेला. इंग्लंडच्या २०२३ च्या कायद्यांतही जाहीर नोंदवहीची तरतूद आहे. कोणी म्हणेल, नोंद सक्तीची केली कीं लोक घाबरतील व चांगलें वाण अंगणांतच मरेल. मला हें पटत नाहीं. सातबारावर बोजा असलेली जमीनही विकली जाते. घेणारा बोजा वाचून भाव ठरवितो इतकेंच. न वाचतां घेतो तो पुढें कोर्टांत जातो.

सर्वोच्च न्यायालयापुढें जनुक-परिवर्तित मोहरीचा खटला चालला. त्यांत २३ जुलै २०२४ रोजीं दोन न्यायमूर्तींचें परवानगीवर एकमत झालें नाहीं. परंतु अशा पिकांविषयीं सर्वांशीं विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आंखावें, यावर दोघांचेंही एकमत झालें. विचारविनिमय म्हणजे नागपूरच्या २०१० च्या सभेसारखें कांहीं असेल तर धानाच्या मुलखांतही एक सभा व्हावी; ब्रह्मपुरीस व्हावी, सिंदेवाहीस व्हावी. आपल्या संस्थेनें येत्या साधारण सभेंत ठराव करून तो जिल्हा कृषि अधीक्षकांमार्फत वर पाठवावा असें मी सुचवितों. ठरावांत एवढेंच असावें कीं, संपादित प्रत्येक वाणाचें मूळ वाण कोणतें, बदललेलें जनुक कोणतें, तें कोणीं बदललें व पेटंट कोणाचें, याची मराठींत जाहीर नोंदवही असावी. तीच माहिती पिशवीच्या लेबलावर यावी. आणि दावा केलेलें उत्पन्न आपल्याच तालुक्यांतील बांधींत दोन हंगाम मोजून दाखविल्यावांचून तें वाण आपल्याकडे शिफारस केलें जाऊं नये. मसुदा करून देण्यास मी तयार आहे.

तोंवर ज्यास जें पेरावयाचें असेल त्यानें पावती घ्यावी व ती टिनाच्या डब्यांत ठेवावी, उंदरांचा भरंवसा नाहीं. पिशवी फाडतांना लेबल शाबूत राहील अशी दुसऱ्या टोंकानें फाडावी, आणि तळाशीं मूठभर बियाणें शिल्लक ठेवून तोंड बांधून टांगावें. पीक खळ्यावर येऊन मोजून होईपर्यंत ती मूठ परह्यांत टाकूं नये.